ढोलीचा राखणदार

झाडांच्या ढोल्यांनाही राखणदार असायचे, तेव्हाची ही गोष्ट. एका आंब्याच्या ढोलीत सगळ्यांचं धान्य साठवलेलं असे आणि दारात सरडा बसे. आत किती जागा उरली, ते खार रोज सकाळी मोजून त्याला सांगायची. कोणी धान्य आणलं, की सरडा धान्याचा आणि जागेचा आकडा ताडून पाहायचा. जमत असेल तर मान डोलवायचा, नाहीतर वाट अडवायचा.

एके दिवशी आभाळ भरून आलं आणि मुंग्या दाणे ओढत आल्या.

"किती?" सरड्याने विचारलं.

"पन्नास," थोरली मुंगी म्हणाली.

"जागा वीसचीच आहे. परत जा."

"अरे दादा, दाणे भिजतील. आत तर सगळं मोकळं दिसतंय."

"दिसण्याचं सोडा. वीसमध्ये पन्नास कसे मावतील?"

वाद ऐकून खार खाली आली. "वीस म्हणजे माझ्या वीस ओंजळी रे. आणि यांचे पन्नास दाणे तर माझ्या दोन-तीन ओंजळींतच मावतील."

सरडा आधी लाल झाला, मग पिवळा. तो बाजूला सरकला आणि शेवटचा दाणा त्याने स्वतःच आत ओढून नेला. मागोमाग पहिली सर आली.

पाऊस उघडल्यावर एक वानर आला, दोन्ही हात पाठीमागे धरून.

"एकच ठेवायचंय," तो म्हणाला.

सरड्याची मान डोलायला निघालीच होती, ती मध्येच थांबली.

"एक काय?"

वानराने नाइलाजाने हात पुढे केले. हातांत फणस होता.