रिळाचं झाकण

कॅमेरेही बोलत असत तेव्हाची गोष्ट. एका सेटवर रिळाचा थोरला कॅमेरा आणि डिजिटल धाकटा शेजारी उभे होते. दोघांसमोर एक खोपट पेटवलं. जाळायला ते एकच होतं.

राख निवण्याआधीच दिग्दर्शक शार्दूल धाकट्याकडे धावला. पडद्यावर नायिकेचा चेहरा ऐन क्षणी धुरात गेला होता. त्याचं तोंड उतरलं. तो थोरल्याकडे वळला.

"तुझ्यात चेहरा आलाय का?"

"रीळ धुतल्यावर कळेल, साहेब. चार दिवस लागतील."

थोरल्याच्या बाजूला धूर आलाच नव्हता. चेहरा आलाय असं त्याला आतून वाटत होतं, पण दाखवणार कसा?

"मी लगेच दाखवतो," धाकटा म्हणाला. "यालाही उघडून बघा ना."

शार्दूलचा हात कडीवर गेला. आजवर त्याने कशाचीच वाट पाहिली नव्हती.

"साहेब, उजेड लागला तर सगळं जाईल. थांबा."

कडी सरकली. भर दुपारचं ऊन रिळावर सांडलं. शार्दूलने पट्टीचे वेढे उलटसुलट करून पाहिले.

"यात तर काहीच नाही."

"होतं, साहेब," थोरला म्हणाला. "झाकण उघडेपर्यंत होतं."