डागी स्ट्रॉबेरी

फळं बोलायची त्या काळी एका स्ट्रॉबेरीच्या पोटात एक जिवाणू भावंडांसह राहायचा. एकदा देठाजवळून बुरशी आत शिरली. तीन दिवस सगळ्यांनी तिला अडवून धरलं. बुरशी हटली, पण भावंडं सगळी गेली आणि देठापाशी तपकिरी डाग उरला.

"आता तुला भीती नाही," जिवाणू स्ट्रॉबेरीला म्हणाला.

सकाळी तोडणीला आलेल्या हौसाबाईंनी डाग पाहिला. "ही डागी हाय," म्हणत त्यांनी ती बांधावरच्या नासक्या ढिगात भिरकावली आणि शेजारचं चकचकीत फळ खोक्यात ठेवलं. त्याच्या पोटातल्या बुरशीचा वास जिवाणूला ओळखीचा होता.

ढिगातली बुरशी चहूबाजूंनी सरकू लागली.

"आपण जिंकलो होतो ना रे?" स्ट्रॉबेरीने विचारलं.

"हो," जिवाणू म्हणाला, आणि एकटाच पुन्हा डागापाशी जाऊन उभा राहिला.