आधी तू मार

पटावरची मोहरी एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. ऐन रंगलेल्या डावात एक पांढरं आणि एक काळं प्यादं तिरक्या घरांत समोरासमोर आली. दोघांनाही एकमेकांना मारता येत होतं.

“घाबरलास का रे?” काळं प्यादं म्हणालं. “मार की! ही बघ, मानसुद्धा पुढे केली.”

पांढऱ्याचे हात शिवशिवले. राजासाठी मरायला ते पहिल्या चालीपासून तयार होतं. एवढ्यात काळ्याच्या मागून त्याचाच हत्ती खेकसला, “अरे, मर की एकदाचा! किती वेळ माझी वाट अडवशील?”

पांढरं प्यादं थबकलं. याला मारलं, तर मी याच्या घरात जाईन, तिथे हा हत्ती मला खाईल आणि तिथून सरळ आमच्या राजावर जाईल!

“सावकाश होऊ द्या, हत्तीकाका,” ते म्हणालं. “आम्हाला काही घाई नाही.”

पांढऱ्यांनी दुसरीकडेच चाल केली. काळ्याला हे सहन होईना. “थांब, मीच दाखवतो!” म्हणत त्याने पांढऱ्याला मारलं. लगेच मागे टपलेल्या पांढऱ्या घोड्याने त्याला मारलं आणि त्याच उडीत काळ्या राजाला शह दिला. हत्तीची वाट मोकळी झाली खरी, पण राजाच पळत सुटल्यावर त्याची पाळी येईना.

दोन्ही प्यादी डब्यात शेजारी शेजारी पडली.

“मेलास ना शेवटी?” काळं म्हणालं.

“मरायचं तर होतंच,” पांढरं हसलं. “फक्त तुझ्या हत्तीच्या सोयीने नाही.”