राणीसाहेबांचा फॉर्म आणि महाराजांचं बटण

कनकवाडीच्या महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला, की आपण मेलसमोरून हलणार नाही, पण राणीसाहेबांचा फॉर्म मात्र आपल्यापुढे हजर झालाच पाहिजे! उद्या संध्याकाळपर्यंत.

युवराजांचं लग्न तोंडावर आलं होतं आणि पाहुण्यांच्या मेलचा नुसता पाऊस पडत होता. कुणाला गुळाशिवाय पुरणपोळी हवी होती, तर कुणाचे मामेसासरे वांगं बघूनच घाबरत होते. या सगळ्यांच्या आवडीनिवडी टिपून घ्यायला राणीसाहेबांनी स्वतःच्या हातानं स्प्रेडशीटमध्ये एक झकास फॉर्म केला होता. वर नाचरा मोर, मधे पाहुण्याचं नाव, खाली तिखट किती ते निवडायचं: बेताचं, झणझणीत, की कानातून धूर. बटण दाबलं की माहिती थेट मुदपाकखान्याच्या यादीत.

मेल वाचता वाचता महाराजांनी फॉर्म भरावा, एवढंच काम. पण त्यासाठी मेल सोडून राणीसाहेबांची फाइल उघडायला जावं लागे, आणि ते महाराजांना कमीपणाचं वाटे. राणीसाहेबही कमी नव्हत्या. फॉर्म आमच्या फाइलमधून हलणार नाही, त्याची नक्कल कुणी मेलमध्ये केली तर आम्ही लग्नाला उभ्याच राहणार नाही, असं त्यांनी कळवून टाकलं.

काम आलं पत्रखान्यातल्या नागोजीच्या गळ्यात. जमलं नाही तर त्यानं रोज पहाटे गजकेसरी हत्तीला भूपाळी ऐकवायची, अशी शिक्षा ठरली. आधीच्या गवयाला गजकेसरीनं सोंडेत धरून तळ्यात भिरकावलं होतं, आणि तो गवई तर सुरात गात असे.

नागोजीनं घरी येऊन हे बायकोला, येसूला सांगितलं. नवऱ्याचं गाणं तिनं ऐकलेलं होतं.

येसू राणीसाहेबांची वेणीफणी करायची. फॉर्म तयार होत होता तेव्हा मोराचा रंग तिनंच निवडला होता, आणि शेजारी बसून बसून ती मॅक्रो, म्हणजे यंत्राला द्यायचे लेखी हुकूमही लिहायला शिकली होती. तिनं नागोजीला विचारलं, काय काय करून पाहिलंत? त्यानं मेलमध्ये मॅक्रो लिहून फॉर्मला नावानं हाक मारली होती. या नावाचं इथं कुणी नाही, असं मेलनं उत्तर दिलं होतं. मग त्यानं तेच नाव जरा अदबीनं, आधी 'श्रीमान' लावून लिहून पाहिलं. तरी नाही.

दुसऱ्या दिवशी येसू राणीसाहेबांचे केस विंचरत होती, पण डोक्यात गजकेसरीच घोळत होता. इतक्यात फुलं घेऊन माळी आला. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. राणीसाहेबांना हाक मारायची त्याची काय टाप! त्यानं येसूला सांगितलं, येसूनं राणीसाहेबांना सांगितलं, आणि राणीसाहेब आपल्या पायांनी फुलं बघायला उठल्या.

येसूच्या हातातली फणी केसांतच अडकली. नागोजीनंही फॉर्मला उंबऱ्याबाहेरूनच हाक मारली होती!

तिनं तिथल्या तिथे परवानगी मागितली. फॉर्म फाइलमध्येच राहील, त्याला बाहेरचं कुणी हात लावणार नाही. फक्त त्याच फाइलमध्ये एक छोटा मॅक्रो ठेवायचा, फॉर्म पुढे आणण्यापुरता. मेलनं फाइल उघडायची आणि या घरच्या मॅक्रोला निरोप द्यायचा. पुढचं काम त्याचं. राणीसाहेबांनी खूप विचार केला आणि मॅक्रोचं नाव 'चंपा' ठेवायच्या अटीवर होकार दिला.

संध्याकाळी दरबार भरला. महाराजांनी मेलमधलं, नागोजीनं बसवलेलं नवं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबायला गेले तर मेलही गोठलेला. हे बंड आहे असं वाटून महाराजांनी सेनापतींना बोलावलं, आणि सेनापती तलवार उपसून यंत्राच्या पडद्यासमोर उभे राहिले. कोपऱ्यात नागोजी घसा साफ करू लागला.

येसू पुढे झाली. तिनं पडद्याकडे नीट पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं. चंपानं फॉर्म आणला होता, पण स्प्रेडशीट लपूनच उघडली होती. कुणी आपल्याला भरेल म्हणून फॉर्म मागेच थांबला होता आणि मेल फॉर्मसाठी थांबला होता. तिनं सेनापतींना जरा बाजूला व्हायला सांगितलं, यंत्र बंद करून चालू केलं आणि नागोजीच्या मॅक्रोत दोन ओळी वाढवल्या: स्प्रेडशीट आधी दिसू दे, मग सगळ्यांच्या पुढे येऊ दे.

महाराजांनी बटण दाबलं आणि मोर नाचत समोर आला! महाराजांनी हौसेनं मामेसासऱ्यांचं नाव भरलं आणि वांग्यावर फुली मारली.

तेवढ्यात बांबूच्या चिकाच्या पडद्यामागून राणीसाहेब म्हणाल्या, "आलात ना शेवटी आमच्या फाइलमध्ये?"

"आम्ही कशाला येऊ? तुमचाच फॉर्म आमच्या मेलपुढे आला."

शब्दानं शब्द वाढला. शेवटी महाराजांनी येसूला पुढे बोलावून विचारलं, की कोण नमलं ते तूच सांग. महाराजांचं नाव घेतलं तर नवरा हत्तीपुढे, राणीसाहेबांचं घेतलं तर आपली चाकरी गेली, हे येसूला स्वच्छ दिसत होतं. तिनं पदर सावरला आणि मुजरा केला.

"महाराज, आपण मेलसमोरून उठला नाहीत. राणीसाहेबांचा फॉर्म फाइलमधून हलला नाही. नमलं ते फक्त बटण, आणि त्याची तर नेमणूकच नमण्यासाठी झालीय."

महाराज असे हसले, की मुकुट घरंगळून नाकावर आला. पडद्यामागून राणीसाहेबांचंही हसू ऐकू आलं. महाराजांनी तिथल्या तिथे नागोजीची शिक्षा माफ केली, येसूला जरीकाठी शालू आणि एक दुभती म्हैस दिली, आणि लग्नाच्या पंगतीत तिचं पान राणीसाहेबांच्या शेजारी मांडायचा हुकूम सोडला.