दारात बसलेले ससे

टेकडीवरच्या त्या राज्यात जवळजवळ काहीच पिकत नसे. मीठ, औषध, बियाणे, सगळे दूरच्या राज्यांकडे मागावे लागे आणि मागणे घेऊन ससे जात. सशांची एक शपथ होती: उत्तर मिळाल्याशिवाय परतायचे नाही. या शपथेचा साऱ्या राज्याला अभिमान होता.

एका उन्हाळ्यात तापाची साथ आली. दरीतल्या धीरोबा कासवाकडे औषध होते, म्हणून एकामागून एक ससे तिकडे धावले. गेलेला एकही परतला नाही. मग त्यांची चौकशी करायला आणखी ससे गेले.

एके सकाळी गोदा मुंगशीण निरोप्यांच्या अंगणात आली. तिचे पिल्लू तापाने फणफणले होते.

"चंद्रकळाबाई, एक ससा द्या. धीरोबांकडे पाठवायचाय."

चंद्रकळा मैना निरोप्यांची प्रमुख होती. तिने रिकाम्या अंगणाकडे पाहिले. "एकही उरला नाही गं."

"मग मी स्वतः जाते."

"तू पिल्लाजवळ बैस. मी जाते," असे म्हणून चंद्रकळा उडाली.

दरीत तिला जे दिसले, त्यावर तिचा विश्वास बसेना. धीरोबाच्या दारात राज्यातले सगळे ससे दाटीवाटीने बसले होते. काहींच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. आतून धीरोबाचा चिडलेला आवाज येत होता, "अरे, औषध तयार आहे! पण मला बाहेर तर येऊ द्या!" मागचे पुढे सरकत, पुढचे जागा सोडत नसत आणि बाहेरच्या बाजूला उघडणारे दार उघडत नसे.

"उठा सगळे," चंद्रकळा म्हणाली. "घरी चला."

वेगोबा हा सर्वांत जुना ससा. तो दुखावला. "उत्तराशिवाय? तोंड कसं दाखवू?"

"वेगोबा, रिकाम्या हातानं आलात तर मी तुम्हाला पुन्हा पाठवू शकते. आलाच नाहीत तर मी कुणाला पाठवू?"

वेगोबा कण्हत उठला. त्याच्यामागोमाग बाकीचे उठले, आणि दार उघडले. धीरोबा डोळे मिचकावत औषधाच्या पुड्या घेऊन बाहेर आला. संध्याकाळच्या आत गोदाच्या पिल्लाने डोळे उघडून खायला मागितले.

त्यानंतर चंद्रकळेने सशांना नव्याने शिकवले. सर्वांनी एकाच अंगणातून निघायचे, म्हणजे कोण कुठे आहे ते कळेल. गळ्यात राज्याचा तांबडा दोरा बांधायचा, म्हणजे परक्या दारी ओळख सांगत बसावे लागणार नाही. दाराची सावली उंबरा ओलांडेपर्यंत थांबायचे, मग परत यायचे. थोडी विश्रांती घेऊन पुन्हा जायचे. तेव्हाही उत्तर नाही मिळाले, तर पुढच्या खेपेआधी अधिक विश्रांती घ्यायची, म्हणजे समोरच्यालाही श्वास घेता येईल.

यातून एक गंमत झाली. सशांच्या घरच्या लग्नासाठी बेडकांचा वाजंत्री ताफा सांगायला एक ससा गेला. बेडूक "येतो" म्हणाले ते त्याला ऐकूच आले नाही. तो परतला, पुन्हा गेला आणि पुन्हा सांगून आला. बेडकांना वाटले, आणखी एक ताफा हवा आहे. लग्नाच्या दिवशी दोन ताफे दारात हजर! दोघांनी एकमेकांवर ताण करत असे काही वाजवले की नवरी हसून हसून खाली बसली. चंद्रकळाही पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी तिने सशांना सांगितले, "विचारायला कितीदाही जा. पण बोलवायला दुसऱ्यांदा गेलात, तर आधी विचारा, मघाशीच हो म्हणालात का?"

सारे सुरळीत चालले, तरी वेगोबाला ते पटायला वेळ लागला. पहिल्यांदा मिठाच्या सरोवराकडून तो रिकामा परतला, तेव्हा वेशीबाहेरच रेंगाळला. पायात काटा रुतल्याचे निमित्त करून तो एका दगडावर बसून राहिला. गोदाला तो दिसला. तिने त्याच्यासमोर पाण्याचे मडके ठेवले आणि कोवळ्या गवताची जुडी सोडली. तो लाजत लाजत खाऊ लागला.

चंद्रकळा येईपर्यंत तोंडात गवताची काडी तशीच धरून वेगोबा झोपी गेला होता. तिने त्याच्या गळ्यातला तांबडा दोरा सैल केला. पलीकडे वेशीतून एक तरणाबांड ससा तेच मागणे घेऊन सरोवराच्या वाटेने उड्या मारत निघाला होता.