नवरीचा चुडा

एकदा एका वृद्ध कासारणीची शिष्या मोठ्या तापातून वाचली. पण शिकाऊपणाची सारी वर्षे तिच्या मनातून पुसली गेली. बालपण लख्ख आठवे. बांगड्या भरायची विद्या मात्र कुणाकडून घेतली, कशी घेतली, काही म्हणता काही नाही. आपल्या गुरूलाच ती विचारी, "आजी, मी इथं कशाला आले होते?"

काचेचा व्यापारी माल द्यायला आला, तो म्हणाला, "मावशी, ही पोर आता कामाची राहिली नाही. घरी धाडा. माझी भाची ठेवून घ्या."

शिष्येने ते ऐकले आणि मुकाट्याने गाठोडे बांधायला घेतले. तेवढ्यात एक नवरी आईबरोबर लग्नाचा चुडा भरायला दुकानात आली.

"गाठोडं राहू दे," म्हातारी कडाडली. "या नवरीचा चुडा भर."

नवरीची आई दचकली. "अहो, शुभकार्य आहे! हिच्या हातून एक जरी बांगडी वाढली तर?"

"तर उद्यापासून मी दुकान उघडणार नाही."

शिष्येच्या डोळ्यांत पाणी आले. "आजी, अंगठा कुठं दाबायचा तेसुद्धा मला ठाऊक नाही हो."

"तुला विचारतंय कोण? हाताकडे बघायचंच नाही. नवरीच्या तोंडाकडे बघ आणि लहानपणीची एखादी फजिती सांग."

शिष्या चाचरत सांगू लागली. भाऊ चिंचेवर चढला, उतरता येईना. खाली आत्या केरसुणी घेऊन उभी! नवरी खुदकन हसली. हकीकत रंगली. बोलता बोलता शिष्येने खाली पाहिले, तर नवरीच्या उजव्या मनगटावर हिरवा चुडा भरलेला. एकही काच तडकली नव्हती.

"हे कुणी भरलं?"

"मी तर पान खात बसलेय," म्हातारी म्हणाली. मग तिचा आवाज निवला. "पोरी, आठवणी दोन असतात. एक बोलकी. विचारलं की सांगते. पण ताप आला की आधी तीच पळते. दुसरी मुकी. सांग म्हटलं तर गप्प, काम पुढ्यात आलं की उठून करते. तू बोलकीच्या मागं लागली होतीस, म्हणून तिला मी गप्पांत गुंतवलं. माझं नाव तुला आठवलं नाही तरी चालेल. मी दिलेलं कुठं गेलेलं नाही."

शास्त्र शिकलेले लोक या मुकीला अव्यक्त स्मृती म्हणतात. म्हणोत बापडे.

शिष्येने नवरीचा डावा हात आपल्या हाती घेतला. यावेळी ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. पण त्यांना काही विचारत नव्हती.