गोजरा कुंभारणीचं हिरवं दही

फार वर्षांपूर्वी, भोरझरीचा ओढा बारमाही वाहायचा तेव्हा, त्याच्या काठी गोजरा कुंभारीण राहायची. गावचे वैद्य नारोपंत तांब्याचं भस्म करायचे आणि त्यासाठी लागणारे मातीचे परळ गोजरा घडवायची. दोन परळ तोंडाला तोंड लावून, आत तांबं कोंडून, भोवती गोवऱ्या रचून पेटवायचं. एकदा भाजलं की एक पूट. दर पुटाला परळांची नवी जोडी. तांब्याचं विष जायला सात पुटं लागतात, असं नारोपंतांचे वडील सांगून गेले होते.

त्या साली नारोपंतांनी तीनच जोड्या नेल्या.

औषध घेणारे ओकू लागले. पारावरचे म्हातारे म्हणाले, "ओकारी येते म्हणजे रोग बाहेर पडतोय." दोघं मेली. म्हातारे म्हणाले, वेळ भरली होती. त्यांची स्वतःची तेवढी कधी भरत नव्हती.

मग गोजराची सून सगुणा आजारली. पोटात पाणी झालं. नारोपंत पुडी घेऊन आले, मागे पारावरचे चौघे.

"पंत, परळ तीनच नेलेत तुम्ही," गोजरा म्हणाली.

"मडकी घडव. वैद्यकी आम्हाला शिकवू नकोस."

तिनं चिमूटभर भस्म आंबट दह्यात टाकलं. तांबं कच्चं राहिलं असलं की दही हिरवं पडतं. संध्याकाळी दही शेवाळासारखं हिरवं.

"वाटीच बाटलेली तुझी," चौघांतला भिवाजी पाटील म्हणाला.

"मग तुमची आणा."

पाटलाची चांदीची वाटी आली. दुसऱ्या दिवशी तिच्यातलं दहीही हिरवं.

"दह्याचं काय घेऊन बसलीस? वैद्याचा शब्द मोडायचा नाही," पाटील म्हणाला.

"मग पंतांनी आधी चाटावी."

नारोपंत पुडी पाटलाच्या हातात देऊन मागे सरले. चाटायला चौघांतल्या एकाचाही हात पुढे आला नाही. पाटलानं मात्र पुडी सगुणेच्या ओठांशी नेली. गोजरानं ती हिसकली आणि आपल्या तोंडात रिकामी केली.

असं म्हणतात, ती तीन दिवस ओकली, आणि जिथं ओकली तिथली माती हिरवी झाली. म्हाताऱ्यांना तिनं अंगणातून उठू दिलं नाही. "बसा. बघा," एवढंच म्हणायची. असं म्हणतात, ती गेली त्या सकाळी गावात घरोघरी दही हिरवं निघालं, पाटलाकडचं सगळ्यात गडद. नारोपंतांनी स्वतः माती तुडवली, परळ थापले आणि राहिलेली चार पुटं दिली. सगुणा पुढं खूप जगली. कुणी म्हणतं, पुरतं भाजलेल्या भस्मानं. कुणी म्हणतं, तिनं औषधाला हातच लावला नाही म्हणून.

आजही भोरझरीत भस्म आलं की आधी गोजराच्या अंगणातल्या ओट्यावर नेतात. दह्यात टाकतात, दिवसभर सगळ्यांदेखत ठेवतात. पांढरं राहिलं तरी आजाऱ्याला लगेच देत नाहीत. गावातला सगळ्यात वयस्कर पुरुष पागोटं काढून ओट्यावर बसतो आणि पहिली चिमूट तो चाटतो. एखादा कां कूं करतो. तो चाटेपर्यंत गाव तिथून हलत नाही.